लुक्का (इटली): तटावरची फेरी, सेर्किओचा काठ आणि ग्वामोची कमानवाट – पळण्याचे मार्ग

शेवंता
मेच्या अखेरीस लुक्काला आठवडाभर मुक्काम आहे, गावाभोवतीच्या तटबंदीच्या, म्हणजे तटाच्या आतच. हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू असल्याने आठवड्याला ४०-४५ किमी व्हायला हवेत, त्यात एक १६-१८ किमीची लांब पळ. तटावर पळता येतं हे सगळीकडे लिहिलेलं आहे, पण सात दिवस तेच गोल गोल फिरायचं का? बाहेर कुठे जाता येईल, जमीन कशी आहे, पाणी कुठे मिळेल, वाट कुठे चुकते, एवढं हवं आहे. प्रेक्षणीय स्थळं नकोत, ती यादी तयार आहे.

फेरीवाला
आधी तटाबद्दलच सांगतो, कारण "गोल गोल" म्हणून त्याला मोडीत काढू नका. घेर साधारण ४.२ किमी. दोन फेऱ्या म्हणजे ८.४, पाच म्हणजे हाफ मॅरेथॉनला जेमतेम शंभर मीटर कमी, दहा म्हणजे जवळजवळ पूर्ण मॅरेथॉन. चढ-उतार नाहीच म्हणा. गाड्या नाहीत, सिग्नल नाही. जुन्या युरोपीय गावात सलग ४ किमी न थांबता पळायला मिळणं ही चैनच.

हा तट १६व्या-१७व्या शतकातला, तोफांच्या काळातला. उंच आणि बारीक भिंत नव्हे, तर सुमारे १२ मीटर उंच आणि तळाशी ३० मीटर रुंद असा मातीने भरलेला बांध, बाहेरून विटांनी बांधलेला. म्हणून तर त्याच्या माथ्यावर झाडांच्या रांगांसकट अख्खा रस्ता मावला. बुरूज आपल्या किल्ल्यांसारखे गोल नाहीत, बाहेर घुसलेले मोठे पाचकोनी आहेत, प्रत्येकाच्या माथ्यावर छोटी बागच म्हणायची. एकूण ११ बुरूज, दरवाजे सहा. वेढ्यात हा तट कधी लढला नाही. १८१२ च्या पुरात मात्र दरवाजे बंद करून याच तटाने सेर्किओ नदीचं पाणी गावाबाहेर अडवलं. तो नंतर पाडला नाही, १९व्या शतकात मारिया लुईझा या बूर्बाँ घराण्यातल्या राणीने त्याचा लोकांसाठी फिरण्याचा रस्ता केला, त्यामुळे आज आपली सोय.

वेळ महत्त्वाची. मेअखेर सूर्योदय पावणेसहाच्या आत-बाहेर. सहा ते आठ तट तुमचा. नऊनंतर भाड्याच्या सायकली सुटतात, त्यात चारचाकी पॅडलगाड्याही असतात, अख्खं कुटुंब बसवून रस्ताभर पसरलेल्या. रविवारी दुपारी तर वेगाने पळायचा विचारच करू नका.

मध्यमवेग
फेरीवाल्यांना अनुमोदन. अंतराबद्दल थोडी भर, कारण यात बरेच जण फसतात.

४.२ किमी हा आकडा रस्त्याने गेलात तर. बुरुजाच्या टोकाला जाऊन आलात की फेरी लांबते, आणि सगळ्या बुरुजांना वळसा घातला तर चांगलीच लांबते. दुसरं, आतल्या कडेने पळता की बाहेरच्या, यानेही फरक पडतो. बंद वळशात कडेपासून जितके मीटर बाहेर सराल त्याच्या सव्वासहा पट अंतर दर फेरीला वाढतं. म्हणजे ६ मीटर बाहेरून पळलात तर फेरीमागे साधारण ३८ मीटर. एका फेरीत काही वाटत नाही, पण पाच फेऱ्यांत जवळपास १९० मीटर होतात आणि "माझं घड्याळ जास्त दाखवतंय" सुरू होतं.

घड्याळाचं म्हणाल तर मेमध्ये झाडं पूर्ण पालवलेली असतात आणि दाट पानांखाली उपग्रहाचा सिग्नल इकडेतिकडे उडतो. क्षणाचा वेग वाचूच नका. एखादा दरवाजा किंवा बुरूज खूण म्हणून धरा आणि तिथे पोचल्यावर हाताने लॅप दाबा. ४.२ किमी ला, दर किमीमागे ५:३० चा वेग म्हणजे २३ मिनिटं ६ सेकंद. ६:०० चा म्हणजे २५:१२. एवढं पाठ असलं की पुरे.

वेगाचे तुकडे करायचे असतील तर तटानेच ते आखून दिलेत. दोन बुरुजांमधली भिंत सरासरी साडेतीनशे-चारशे मीटर भरते. एक भिंत वेगात, पुढची सावकाश. सगळ्या भिंती सारख्या लांबीच्या नाहीत हे इथे फायद्याचंच, पाय लयीला सोकावत नाहीत.

उंटावरचा
पण हे सगळं डांबरावरच ना? रोज डांबर म्हणजे पोटऱ्या आणि नडग्या गेल्या कामातून.

फेरीवाला
मधला रस्ता डांबरी आहे, हो. त्याच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी मातीची पट्टी आहे, झाडांच्या रांगेत. सकाळी तिथे पळा, फक्त मुळांकडे लक्ष हवं. झाडं जुनी असल्याने मुळं वर आलेली आहेत आणि सावल्या-उन्हाच्या ठिपक्यांत ती दिसत नाहीत. काळा चष्मा लावून त्या पट्टीवर जाऊ नये, एवढी एक गोष्ट पाळली तरी घोटा वाचतो.

पूर्ण मऊ जमीन हवी तर तटाच्या बाहेरच्या पायथ्याला या. तिथे हिरवळीचा रुंद पट्टा आहे, स्पाल्ती म्हणतात त्याला. पूर्वी शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून मोकळी ठेवलेली जागा, आज गवताळ मैदान. उड्या, ताणाचे व्यायाम, अनवाणी सावकाश पळणं, सगळ्याला उत्तम. पण सलग फेरीच्या आशेने जाऊ नका. प्रत्येक दरवाज्यापाशी गाडीरस्ता आडवा येतो, बाहेरच्या वळणरस्त्याची वाहतूकही तिथूनच आत-बाहेर करते, म्हणजे दर पाच मिनिटांनी थांबा. शिवाय पावसानंतर माती चिकट होते, एक-दोन दिवस पाणी धरून ठेवते. दव पडलेल्या गवतात तर बूट दहा मिनिटांत ओले.

काठावरची
एक धोक्याची गोष्ट कुणीच लिहिली नाही. तटाच्या बाहेरच्या कडेला बहुतेक ठिकाणी आडोसा नाही, किंवा आहे तो गुडघ्याएवढा. गवत सपाट वाटतं आणि पुढे एकदम सरळ खोल. तशा पाट्याही आहेत. फोटोसाठी किंवा सायकलवाल्याला जागा द्यायला म्हणून बाहेरच्या बाजूला सरकायची सवय असेल तर ती मोडा. बाजूला व्हायचं ते नेहमी आतल्या अंगाला, तिथे मातीचा उतार आहे. अंधारात तर नक्कीच. मुलं बरोबर असतील तर बुरुजांवर हात धरून.

आता नदीकडे. शेवंता, तुमची लांब पळ तटावर करू नका, सेर्किओवर करा.

उत्तरेच्या पोर्ता सांता मारिया या दरवाज्यातून बाहेर पडा, बोर्गो जान्नोत्ती या सरळ बाजारपेठेच्या रस्त्याने मोंते सान क्विरिकोच्या पुलापर्यंत. हे दीड किमीच्या आसपास, पदपथाने, गावातलंच पळणं. पूल ओलांडायचा नाही. अलीकडच्याच काठाने, म्हणजे डाव्या तीराने, नदी वाहते त्या दिशेला वळायचं. तिथून नदीकाठचं उद्यान सुरू होतं आणि काठाने पोंते सान प्येत्रोच्या पुलापर्यंत साधारण ५ किमी जाता येतं. जाऊन येऊन १३. परत आल्यावर तटाची एक फेरी जोडली की १७.२. तुमचा हिशोब बसला.

जमीन बारीक खडी आणि दाबलेली माती, मधे मधे डांबर. रोजचे रस्त्यावरचे बूट चालतात. दोन समांतर पर्याय मिळतील, बांधाच्या माथ्यावरून आणि खाली झाडीतून. माथ्यावरून वाट चुकत नाही पण सावली शून्य. खाली सावली आहे, चिखलही आहे. मेअखेर सकाळी आठपर्यंत वरून, नंतर खालून असा माझा सल्ला. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून वारा येतो. संध्याकाळी पळणार असाल तर जाताना समोरून, येताना पाठीवर. हा क्रम बरा, दमल्यावर वारा ढकलतो.

पाणी सोबत न्या, निदान अर्धा लिटर. काठावर भरवशाचा नळ धरून चालू नये. गावात मात्र सार्वजनिक नळ आणि कारंजी भरपूर आहेत, तटावरही काही बुरुजांपाशी. "आक्वा नोन पोताबिले" (पिण्याजोगं नसलेलं पाणी) लिहिलेलं असेल तिथलं प्यायचं नाही. काही न लिहिलेला, सतत वाहता गावातला नळ पिण्याचाच असतो.

उंटावरचा
पुरात काय होतं तिथे? पाऊस पडला तर?

काठावरची
चांगला प्रश्न. सेर्किओ दिसते शांत, पण तिचं पाणलोट क्षेत्र वर गार्फान्याना खोऱ्यात आणि अपुआन आल्प्सच्या उतारांवर आहे. इटलीतल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी तो एक. लुक्कात ऊन असताना वर धो धो पडत असेल तर नदी काही तासांत चढते. २००९ च्या नाताळात लुक्काच्या खालच्या अंगाला तिने बांध फोडला होता.

इटलीत हवामानाचे इशारे रंगांत देतात: हिरवा, पिवळा, केशरी, लाल. तोस्काना प्रांताच्या संकेतस्थळावर विभागवार रोज लागतात. पिवळा असेल तर खालची झाडीतली वाट सोडा, बांधावरून जा. केशरी किंवा लाल असेल तर नदीकडे जायचंच नाही, त्या दिवशी तट आहेच. पूर ओसरल्यावरही खालच्या वाटेवर आठवडाभर गाळ असतो. वरून वाळल्यासारखा दिसतो, पाय मात्र घोट्यापर्यंत आत.

रानवाट
तट झाला, नदी झाली. आता लुक्कातला माझ्या मते सर्वांत सुंदर मार्ग, जो एक दिवसाच्या सहलीवाल्यांना कधी दिसत नाही: नोत्तोलिनीची जलवाहिनी.

वास्तुविशारद लोरेंझो नोत्तोलिनी. पिझान डोंगरातलं झऱ्याचं पाणी लुक्कात आणायला त्याने १८२३ पासून हे काम सुरू केलं, पूर्ण व्हायला १८५१ उजाडलं. सपाटीवर चारशेहून अधिक कमानींची रांग, सुमारे ३ किमी, फुटपट्टीने आखल्यासारखी सरळ. पळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एकच, नकाशा लागत नाही. कमानी डोळ्यांसमोर ठेवा आणि चला.

सुरुवात रेल्वे स्टेशनच्या मागून, म्हणजे दक्षिण अंगाने. तटावरून येत असाल तर सान कोलोंबानो बुरुजातल्या चोरवाटेने खाली उतरा, समोर स्टेशन. रुळांखालच्या भुयारी मार्गाने पलीकडे. तिथे सान कोंकोर्दिओ भागात खांबांनी वेढलेलं गोल देऊळ दिसेल. देऊळ नव्हे ती, पाण्याची टाकी आहे. तिथून कमानी सुरू.

पुढे वाट कमानींना बिलगून, कधी डावीकडून कधी उजवीकडून. गवत आणि माती, रुंदी काही ठिकाणी एका माणसापुरती. छोटे गाडीरस्ते आडवे येतात. तिथे कमानीच्या खांबामुळे येणारी गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. प्रत्येक वेळी थांबून डोकावायचं, इथे वेळेची नोंद वगैरे विसरा.

थोडं पुढे ए-११ महामार्ग आडवा येतो. हा रस्ता करताना कमानींची रांग तिथे सरळ तोडली गेली. पादचारी पुलावरून पलीकडे जाता येतं आणि कमानी पुन्हा चालू. पुलावर उभं राहून दोन्हीकडची तुटलेली टोकं पाहिली की राग येतोच, पण निदान पूल बांधला हे त्यांचे उपकार.

ग्वामोला दुसरं गोल देऊळ, म्हणजे दुसरी टाकी. इथपर्यंत सपाट. इथून पुढे रानात चढ लागतो: दगडी पन्हाळी, छोटे पूल, कुंडं, सगळं शेवाळलेलं. एक-दीड किमीवर पारोले दोरो, म्हणजे "सोन्याचे शब्द" नावाची जागा. बांधकामावर पितळी अक्षरांत लेख होता, लोकांना ते सोनं वाटलं, म्हणून हे नाव. स्टेशनपासून जाऊन येऊन दहा किमीच्या आत-बाहेर.

काय बिघडतं ते सांगतो. (१) मे-जूनमध्ये कमानींलगतचं गवत मांडीपर्यंत येतं, कापणी झाली असेल तर नशीब. लांब मोजे घाला. (२) रानातल्या ओल्या दगडांवर रस्त्यावरच्या बुटांची पकड शून्य. ग्वामोपर्यंत कोणतेही बूट चालतात, वर जायचं तर खाचांचा तळवा हवा, नाहीतर तिथून चाला. पळून जायची ती जागाही नाही. (३) पन्हाळीच्या कडेवरून तोल सावरत जायचा मोह होतो. करू नका, खाली दगडच आहेत.

चिंचोक्या
गवत म्हणजे गोचीड आलेच की.

रानवाट
आहेत. परतल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्यापाशी तपासा. चिकटलेला सापडला तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, तेल-रॉकेल-काडी असले प्रयोग नाहीत, त्याने तो आतला ऐवज आणखी सोडतो. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल कडं पसरायला लागलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना "इटलीत गोचीड चावला होता" हे आवर्जून सांगा. भारतात परतल्यावर कुणी आपणहून विचारणार नाही.

हिवाळा संपता संपता येणाऱ्यांसाठी आणखी एक. पाइनवरचे सुरवंट तेव्हा एकामागोमाग रांग करून जमिनीवर उतरतात. त्यांचे केस उडाले तरी कातडी आणि डोळे सुजतात, कुत्र्याने तोंड लावलं तर त्याची जीभ जाऊ शकते. झाडावर पांढऱ्या कापसासारखे गोळे दिसले तर त्याखाली ताणाचे व्यायाम करत बसू नका. मेअखेर तो त्रास नसतो.

शेवंता
सगळ्यांचे आभार, हे मला हवं तसंच आहे. नकाशावर व्हिया फ्रांचिजेना ही यात्रेकरूंची जुनी वाट लुक्कातून जाताना दिसते. लांब पळीसाठी ती कशी? पोर्ता एलिझाकडून आल्तोपाशो १८ किमी दाखवतंय, अगदी माझ्या अंतराचं. परत रेल्वेने येईन.

मध्यमवेग
कागदावर आकर्षक आहे, मान्य. सपाट आहे, खुणा आहेत, आल्तोपाशोला स्टेशनही आहे, लुक्का-फ्लॉरेन्स मार्गावर. एकाच दिशेने पळून रेल्वेने परतण्याची कल्पना उत्तम. पण बराचसा रस्ता डांबरी, काप्पानोरी-पोर्कारीच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून. हा भाग कागद गिरण्यांचा, ट्रक आलेच. काही तुकड्यांत पदपथ नाही. पायी यात्रेकरूला तो टप्पा उरकायचा असतो, तुम्हाला मुद्दाम निवडायचा कशाला?

काठावरची
मी मध्यमवेगशी अर्धी सहमत. पूर्वेचा टप्पा रुक्ष आहे, पण रविवारी सकाळी सातला ट्रक नसतात आणि त्या वेळी तो १८ किमीचा सपाट रस्ता वेगाच्या लांब पळीला वाईट नाही. माझा आक्षेप वेगळा आहे, मेअखेर तिथे सावली नाही. साडेआठपर्यंत संपवता येत असेल तरच.

फ्रांचिजेनाचा चांगला भाग पश्चिमेला. कामायोरेकडून येणारी वाट पोंते सान प्येत्रोला सेर्किओ ओलांडते आणि नदीकाठाने पोर्ता सान दोनातोकडे येते. म्हणजे मी वर दिलेल्या मार्गाचा काही भाग तुम्ही तिच्यावरूनच पळणार आहात, यात्रेकरू समोरून येताना भेटतील. पोंते सान प्येत्रोच्या पुढे पश्चिमेला टेकड्या चालू होतात. चढाचा सराव हवा असेल तर पूल ओलांडून २-३ किमी वर जा आणि परत फिरा.

खुणांबाबत सावध. लाल-पांढरा पट्टा दिसला म्हणजे फ्रांचिजेना असं नाही, डोंगरातल्या गिर्यारोहण क्लबच्या वाटाही लाल-पांढऱ्याच, त्यावर क्रमांक असतो. फ्रांचिजेनाच्या खुणेत काठी-गाठोडंवाला यात्रेकरू असतो. दोन्ही वाटा जिथे जवळ येतात तिथे लोक हमखास भलतीकडे जातात.

मध्यमवेग
ठीक, रविवार सकाळ सात मान्य. आणि रेल्वेचं लक्षात ठेवा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठसा मारायचा. घामाने भिजलेल्या खिशातून तिकिटाचा लगदा निघाला तर तपासनीस ऐकत नाही. फोनवरचं तिकीट असेल तर त्यातलं चेक-इन करायचं. एक सुका टीशर्ट छोट्या पिशवीत ठेवा, डब्यातलं वातानुकूलन गार असतं.

पदपथ नसलेल्या गावाबाहेरच्या दुतर्फी रस्त्यावर पायी माणसाने डाव्या कडेने, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून जायचं, असा तिथला कायदा आहे. गाड्या उजवीकडून चालतात, आपल्या सवयीच्या उलट. भारतातून गेलेल्या माणसाचा गोंधळ रस्ता ओलांडताना होतो, आपण आधी उजवीकडे बघतो आणि गाडी डावीकडून येते.

चिंचोक्या
उत्तरेच्या टेकड्यांवर ते जुने वाडे आहेत ना, मार्लियाचा व्हिला रेआले, सेग्रोमिन्योचा व्हिला मान्सी, कामिल्यानोचा व्हिला तोर्रिजानी? ऑलिव्हच्या बागा, द्राक्षमळे. तिकडे पळत गेलं तर?

फेरीवाला
चित्रात सुंदर. प्रत्यक्षात अरुंद रस्ते, दोन्हीकडे वाड्यांच्या उंच दगडी भिंती, कडेला पाऊलभर जागा नाही आणि आंधळी वळणं. स्थानिक गाड्या रस्ता पाठ असल्याच्या वेगाने येतात. वाडे बघायला सायकलने किंवा बसने जा, पळायला नको.

रानवाट
ऑलिव्हच्या बागांतून पळायचंच असेल तर दक्षिणेला, ग्वामोच्या पुढे व्होर्नो किंवा पूर्वेकडे कोंपितो भागात. चढ खरे आहेत तिथे. सांत-आंद्रेआ दि कोंपितो हे कॅमेलियाच्या फुलांचं गाव, मार्चमध्ये प्रदर्शन असतं, त्या शनिवार-रविवारी सोडून रस्ते मोकळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फळं उतरवायला झाडांखाली जाळ्या अंथरतात, पायवाटेवरही. त्यावर पाय द्यायचा नाही. फळं चिरडतात, बूट अडकतो, आणि मालक बघत असतोच.

डोंगरात त्याहून वर, मोंते सेर्राकडे (९१७ मीटर), जायचं असेल तर तो अर्ध्या दिवसाचा वेगळा कार्यक्रम. सकाळच्या पळीत बसवू नका. २०१८ च्या सप्टेंबरातल्या वणव्यात काल्ची बाजूचे उतार जळाले, तिकडे आजही मोठी सावली कमी.

उंटावरचा
मी ऑक्टोबरअखेर जाणार आहे. याच मार्गांत काही बदल?

रानवाट
दोन मोठे. पहिला शिकार. हंगाम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत. पिझान डोंगरात रानडुकरांसाठी हाकारे घालतात, म्हणजे कुत्री आणि माणसं एका बाजूने रान उठवतात, बंदूकवाले दुसऱ्या बाजूला बसतात. वाटेच्या तोंडाशी हाकाऱ्याचा कागद किंवा पाटी लावलेली असते. दिसली की मागे फिरायचं, "एवढंच वर जाऊन येतो" नाही. मंगळवार आणि शुक्रवार देशभर शिकार बंद असते, ग्वामोच्या वरचं रान त्या दिवशी करा. इतर दिवशी भडक केशरी टीशर्ट. कानात गाणी नकोत.

फेरीवाला
दुसरा म्हणजे गर्दी. १ नोव्हेंबरच्या आसपास लुक्का कॉमिक्स अँड गेम्स हा कॉमिक्स आणि खेळांचा महोत्सव असतो, पाच दिवस. २०२२ मध्ये तीन लाखांहून अधिक तिकिटं गेली, आणि गाव केवढं तर चार किमी घेराचं. तटावरही माणसांचा पूर, बुरुजांवर कार्यक्रम. पळायचं तर सातच्या आत, नाहीतर नदीकडे. राहायची जागा मिळेल का हा प्रश्न त्याआधी सोडवा. जुलैतही काही संध्याकाळी तटाच्या दक्षिण पायथ्याशी मोठ्या मैफिली असतात, तेव्हा त्या बाजूचा पट्टा बंद.

ऑक्टोबरअखेर तटावर ओली पानं. डांबरावर ओलं पान म्हणजे साबण, वळणांवर वेग कमी. शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर संध्याकाळ एकदम लहान होते. डिसेंबरात सूर्योदय पावणेआठच्या सुमारास आणि सूर्यास्त पावणेपाचच्या आधी. कपाळावरचा दिवा लागतोच.

चिंचोक्या
तिथे रविवारी गावोगावी लोकांच्या पळायच्या जत्रा असतात असं ऐकलंय. पाहुण्याला भाग घेता येतो का?

मध्यमवेग
दोन प्रकार, गल्लत करू नका. गावच्या मंडळांच्या बिनस्पर्धेच्या फेऱ्या असतात, एकाच दिवशी वेगवेगळ्या लांबीचे पर्याय, नाव नोंदवायला थोडे पैसे, वाटेत चहा-बिस्किटं, शेवटी खाऊची पिशवी. तिथे वेळ मोजत नाहीत, ऐनवेळी नोंद होते. शेतांमधून, खासगी बागांमधून एरवी बंद असलेल्या वाटा त्या दिवशी उघडतात हा खरा फायदा.

दुसऱ्या म्हणजे वेळ मोजून क्रमांक देणाऱ्या शर्यती. त्यांना इटलीत वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. परदेशी माणसालाही ते सक्तीचं असायचं, आता काय मागतात ते त्या शर्यतीच्या नियमांत बघा. प्रमाणपत्र म्हणजे ईसीजीसह तपासणी करून डॉक्टरने सही-शिक्का दिलेला नमुना. शिवाय संघटनेचं सदस्यत्व किंवा परदेशी धावपटूंसाठीचं कार्डही मागतात. हा नमुना लागणार असेल तर निघण्याआधी पुण्या-मुंबईतूनच भरून न्या. तिथे ऐनवेळी डॉक्टर शोधणं महाग आणि वेळखाऊ.

शेवंता
मग असं ठरवते: मंगळवारी तटाच्या दोन सावकाश फेऱ्या, ८.४. बुधवारी ग्वामो, १०. शुक्रवारी बुरुजाबुरुजाचा वेग, पुन्हा दोन फेऱ्या. रविवारी नदी अधिक एक फेरी, १७.२. एकूण ४४. यात काही चुकतंय?

काठावरची
आकडे बरोबर. बुधवार मात्र हवामानावर सोडा. मंगळवारी रात्री पाऊस झाला तर ग्वामोच्या वरचे दगड बुधवारी घसरडेच, गुरुवारी न्या. आणि रविवारी तटाची फेरी आधी करू नका, शेवटी करा. सकाळी सहाला निघून आधी नदी, म्हणजे बांधावरचं ऊन चुकेल. परत येताना साडेसातच्या सुमारास तटावर झाडांची सावली आणि नळ दोन्ही मिळतील, सायकलवाले अजून उठलेले नसतील.

फेरीवाला
आणि मागून येताना सायकलवाल्याला किंवा हातात हात घालून रस्ता अडवणाऱ्या आजी-आजोबांना "पेर्मेस्सो" म्हणा, दोन पावलं आधी. नुसतं "एक्सक्यूज मी" म्हटलं तर ते थांबून, वळून, तुमच्याकडे बघत जागच्या जागी उभे राहतात.

उंटावरचा
फ्लॉरेन्सहून एका दिवसासाठी येणाऱ्याला यातलं काय जमेल?

रानवाट
पहिल्या गाड्यांपैकी एक पकडा, सव्वा-दीड तास लागतो. स्टेशनच्या मागूनच कमानी सुरू होत असल्याने ग्वामोच्या टाकीपर्यंत जाऊन या, ६-७ किमी, सगळं सपाट. सामान पाठीवरच्या छोट्या पिशवीत मावेल एवढंच ठेवा. दुपारी ऊन चढल्यावर तटावर पळू नका, चाला.